हजेरीपटातला रोवणा

धान रोवायचे दिवस आले आणि बांध्यांमधून वाकलेल्या बायकांच्या रांगा दिसू लागल्या, की ती केस जशीच्या तशी माझ्यापुढे उभी राहते. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, त्यातले अर्धेअधिक विसरलो. ही केस विसरलो नाही, कारण तिच्यातली एक चूक माझ्या सहीची होती.

मी तेव्हा बालाघाट जिल्ह्यातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. लोक टीआय साहेब म्हणत. निवृत्तीला दोन वर्षं उरली होती, गुडघे कुरकुरत होते आणि मुळात तापट असलेला स्वभाव त्यामुळे आणखी तापला होता. ठाण्याची सगळी लिखापढी हिंदीत, घरात मराठी, आणि येणारा फिर्यादी दोन्ही मिसळून बोलणारा. आमच्या भागात हे असंच चालतं. नावं मी कोणाचीच लिहिणार नाही, संस्थेचंही नाही. ती संस्था आज चांगलं काम करते आणि तिची जुनी खपली काढायची माझी इच्छा नाही.

संस्था मुलींचं वसतिगृह चालवायची. पन्नासेक मुली, पाचवीपासून पुढच्या. काही आमच्याच जिल्ह्यातल्या खैरलांजीकडच्या धान पिकवणाऱ्यांच्या, काही भरवेलीच्या मॅंगनीज खाणीत काम करणाऱ्यांच्या.

एका सकाळी शिपायांची गणती आटोपून मी बाहेर आलो तर ठाण्याच्या पायरीवर एक बाई बसलेली. वसतिगृहाची स्वयंपाकीण. मुली तिला मावशी म्हणत. साठीच्या आसपास वय, पदराला हळदीचे डाग. आमच्या मुंशीने, म्हणजे ठाण्याच्या लेखनिकाने, तिला तासभर बसवून ठेवलं होतं.

"काय झालं बाई?"

"साहेब, एक पोरगी सहा दिस झाले जेवाले नाही आली."

"घरी गेली असेल."

"म्याडमबी तेच म्हणते. रोवण्याले गेली म्हणते. गेल्या हायेत साहेब, अर्ध्या पोरी रोवण्याले गेल्याच हायेत. पण थे पोरगी मले सांगतल्याबिगर कुठं जात नाही. गेलती तवा मले सांगूनच गेलती दिवाळीले."

"मग म्याडमला सांगायचं ना."

"सांगतलं. तुमी भाताकडे पाहा म्हणे."

मी तिला परत पाठवणारच होतो. खरं सांगतो, तोंडात शब्द आले होते. पण बत्तीस वर्षांत एक पाहिलं होतं. खोटी तक्रार आणणारा माणूस सोबत कोणाचं तरी नाव घेऊन येतो. या बाईकडे कोणाचं नाव नव्हतं, कोणावर राग नव्हता. तिच्याकडे फक्त एक न वापरलेलं ताट होतं. मी ठाण्यातल्या हवालदार बाईंना बरोबर घेतलं आणि जीप काढायला सांगितली.

रोवणा म्हणजे काय ते बाहेरच्या वाचकाला सांगायला हवं. धानाचे परे, म्हणजे भाताची रोपं, तयार झाले की ते उपटून बांधीत, म्हणजे खाचरात लावायचे, आणि ते काम थांबत नाही. घरातलं जे दोन पायांवर उभं राहू शकतं ते सगळं बांधीत उतरतं. शाळा ओस पडतात, लग्नाची बोलणी थांबतात, कोर्टात साक्षीदार येत नाहीत. माझ्या ठाण्यात तारखेला कोणी आलं नाही तर मुंशी न विचारताच म्हणायचा, रोवण्याला गेला असेल. या दिवसांत तो शब्द ऐकला की पुढचा प्रश्न कोणी विचारत नाही.

वसतिगृहाच्या कार्यालयात भिंतीवर बाल संरक्षण धोरण काचेच्या फ्रेममध्ये लावलेलं होतं. कपाटात त्याची जाडजूड फाइल. त्यात एक कलम असंही होतं की मूल एक रात्र जरी गैरहजर राहिलं तरी त्याच दिवशी घरी फोन करायचा आणि नोंद ठेवायची. खाली सगळ्या कर्मचाऱ्यांच्या सह्या. मी हजेरीपट मागितला. गैरहजर मुलींच्या नावांपुढे एकाखाली एक एकच शब्द लिहिलेला होता. रोवणा, रोवणा, रोवणा.

प्रवेशाचं रजिस्टर शेजारी ठेवून मी नाव आणि पत्ता जुळवत खाली आलो. त्या मुलीच्या नावावर बोट थांबलं. वय बारा. पत्ता भरवेली, खाण कॉलनी. वडिलांचा धंदा, खाणीत मजूर.

"म्याडम, हिच्या बापाची बांधी कुठं आहे?"

म्याडम म्हणजे वसतिगृहाच्या अधीक्षिका. चाळिशीच्या, कामाखाली पिचलेल्या, वाईट मुळीच नाहीत. म्हणाल्या, "असेल सर कुठंतरी."

"खाणीत मॅंगनीज रोवतात का?"

त्यांचा चेहरा उतरला. मी आवाज खाली आणला. रोवण्याला गेली हे कोणी सांगितलं, विचारलं. म्हणाल्या, कॉम्प्युटरच्या मास्तरांनी. मुलीच्या वडिलांचा फोन आला होता म्हणे. मास्तर संगणकही शिकवायचे आणि कार्यालयाची हजेरीही ऑनलाइन भरायचे, त्यामुळे निरोप त्यांच्याकडेच येत. पालकांना काही अडलं की मास्तर, दाखल्याचा फॉर्म भरायचा असला की मास्तर. सगळ्यांच्या गळ्यातला ताईत.

मूल हरवलं की आधी चोवीस तास वाट पाहायची ही समजूत चुकीची आहे. अठरा वर्षांखालचं मूल असेल तर अपहरणाचा गुन्हाच नोंदवायचा. ठाण्यात येऊन अज्ञाताविरुद्ध गुन्हा नोंदवला, फोटो सगळीकडे पाठवले, बस स्टॅंड आणि रेल्वे स्टेशनवर माणसं लावली. आणि मग मी भरवेलीला गेलो, तिथे माझं डोकं फिरलं.

बाप पाळी संपवून नुकताच वर आला होता. अंगावर काळी भुकटी, हातात हेल्मेट. चार माणसांदेखत मी त्याला दरडावलं. "पोरीचं लग्न लावून दिलंस काय? कुठं लपवलीस?" त्याने खिशातून मोबाईल काढून दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरला.

"पाहून घ्या साहेब. म्या कोनाले फोन नाही केला. मी त समजलो पोरगी तिकडं शाळेत शिकून राह्यली."

एवढं बोलून तो जमिनीवर बसला. त्याच्या मोबाईलमध्ये वसतिगृहाला केलेला एकही फोन नव्हता, मास्तरलाही नव्हता. मी मोबाईल जप्तीत घेतला आणि काही न बोलता जीपमध्ये बसलो. त्याची माफी मागायला हवी होती. वर्दीला ती सवय नसते, आणि मलाही नव्हती.

मास्तरला ठाण्यात बोलावलं. त्याच्या आधी संस्थेचे सचिव फाइल घेऊन हजर. "सर, हमारी पॉलिसी पूरी कंप्लीट है," ते म्हणाले आणि एकेक कागद टेबलावर मांडू लागले. प्रशिक्षणाची हजेरी, समितीची यादी, सगळ्या कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी. शेवटचा कागद त्यांनी माझ्याकडे वळवला. मास्तरच्या नावाचा होता. 'कोणतीही प्रतिकूल नोंद नाही.' खाली माझ्या ठाण्याचा शिक्का आणि माझी सही.

मला तो कागद आठवतसुद्धा नव्हता. असे अर्ज ढिगाने यायचे, मुंशी गठ्ठा पुढे सरकवायचा, मी बोलता बोलता सह्या करायचो. नोंद नव्हती हे खरंच होतं. पण मास्तर आधी शेजारच्या जिल्ह्यात ज्या शाळेत होता, तिथे मी त्या दुपारी फोन लावला. मुख्याध्यापक म्हणाले, "साहेब, आम्ही त्याला गुपचूप काढलं. बोभाटा नको म्हणून तक्रार नाही केली." एका फोनचं काम होतं. ते मी दोन वर्षांपूर्वी केलं असतं तर तो या मुलींपर्यंत पोचलाच नसता. त्या दिवशी मला माझी लाज वाटली, आणि भीतीही वाटली. पोरगी जिवंत आहे की नाही, एवढा एकच प्रश्न डोक्यात होता.

गोड बोलणाऱ्या माणसावर ओरडून काही मिळत नाही. त्याला बोलू द्यावं. मी मास्तरला चहा दिला आणि विचारलं, बापाचा फोन कधी आला, काय म्हणाला, कुठल्या गावी रोवायला नेतो म्हणाला. त्याने वार सांगितला, गाव सांगितलं, बापाला सर्दी झाली होती म्हणून आवाज बसला होता हेही सांगितलं. त्याचं सगळं सांगून झालं तेव्हा मी बापाचा मोबाईल टेबलावर ठेवला. यात तुझा नंबर कुठं आहे ते दाखव, म्हटलं.

"सर, ती कुठे गेली मला खरंच माहीत नाही. गुरुवारी क्लासमधून रडत पळाली. संध्याकाळी दिसली नाही. मी घाबरलो. रोवणा सांगितलं की कोणी विचारत नाही, म्हणून सांगितलं."

"रडत का पळाली?"

त्याचा हात खिशातल्या मोबाईलवर गेला. हवालदार बाईंनी त्याचा मोबाईल पंचांसमोर सील केला. त्याला बसवून ठेवून मी व्हरांड्यात आलो. तो एवढं खोटं बोलला होता की आता खरं बोलतोय यावर माझा विश्वास बसत नव्हता. हवालदार बाई मागून आल्या. त्या वारासिवनीकडच्या शेतकऱ्याच्या घरच्या. एरवी मोजकं बोलत.

"साहेब, एक सांगू काय? मीबी लहानपणी घरी रुसून रोवण्याच्या टोळीसंगं निघून गेलती. चार दिस बायांमध्ये राह्यली. कोनी नाही विचारलं, कोनाची हाव म्हणून."

बाप खाणीत, घरी शेत नाही, म्हणून रोवणा हे खोटं, एवढं धरून मी बसलो होतो. मास्तर ज्या शब्दाआड लपला, त्याच शब्दाआड एक बारा वर्षांची पोरगीही लपू शकते हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. त्या दिवसांत पहाटे तालुक्याच्या चौकातून बायकांच्या टोळ्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून खैरलांजीकडे जात आणि आठ-आठ दिवस तिकडेच राहत. ट्रॉलीत एक जास्तीची पोरगी चढली तर कोण कशाला विचारणार? आम्ही त्याच घडीला ट्रॅक्टरवाल्यांना फोन लावायला बसलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती सापडली. खैरलांजीच्या पुढे एका बांधीत, डोक्यावरून प्लास्टिक घेतलेल्या बायकांच्या रांगेत शेवटची. पोरगी दिसली तेव्हा मी धुऱ्यावर, बांधीच्या कडेच्या बांधावरच बसलो. लेकराला वर्दी दाखवायची नाही असा नियम आहे, म्हणून आम्ही दोघंही साध्या कपड्यांत होतो. हवालदार बाईंनी साडी खोचली, पऱ्यांची एक पेंडी उचलली आणि चिखलात उतरून पोरीच्या शेजारी लावायला सुरुवात केली. बोलल्या काही नाहीत. तासभर नुसते परे लावले. त्यांच्या ओळी सरळ येत होत्या, पोरीच्या वाकड्या, आणि केव्हातरी पोरगी त्यांचं पाहून आपली ओळ सुधारू लागली. तोवर टोळीची म्होरकी धुऱ्यावर येऊन मलाच झापत होती.

"पोरीले काहून नेता? चांगली लावते थे."

"तुमच्यात आली कशी? कोणाची आहे विचारलं नाही?"

"असन कोनाची भाची. रोवण्यात कोन विचारते, साहेब?"

संध्याकाळी पोरगी धुऱ्यावर आली. पाय धुतले नाहीत, माझ्यापासून चार हात दूर बसली. म्हणाली, "मले वापस नेलं त मास्तर माहं नाव काढून टाकन. मंग बाबा शाळा बंद करन."

"त्याला हक्क नाही तुझं नाव काढायचा."

"त मंग कोनाले हाय?"

ते टाळून मी विचारलं, "बाई, कोणाला सांगायचं तरी होतंस. भिंतीवर लिहिलं आहे ना सगळं."

"इंग्रजीत लिवलं हाय थे. खाली नंबर हाय. फोन हापिसात हाय, अन हापिसात मास्तर बसते." मग ती म्हणाली, "मावशीले सांगाव वाटलं होतं. पण मावशीचं नाव कुठं हाय भिंतीवर?"

तिच्या जबाबात काय होतं ते मी लिहिणार नाही. तो जबाब तिचा आहे. एवढंच सांगतो की मास्तर क्लास सुटल्यावर तिला एकटीला थांबवायचा, मोबाईलवर फोटो काढायचा आणि सांगितलंस तर नाव काढीन म्हणून धमकवायचा. प्रकरण त्याच्या पुढे जाण्याआधीच पोरगी पळाली. जबाब हवालदार बाईंनी नोंदवला, मुलीला बाल कल्याण समितीपुढे नेलं, मास्तरवर पॉक्सोचा गुन्हा लागला. कोर्टात त्याच्या मोबाईलमधले फोटो आणि तो न आलेला फोन, दोन्ही टिकले. त्याला शिक्षा झाली.

माझ्या लेखी केस तिथे संपायला हवी होती. संपली नाही. आठवड्याने सचिव आले. या वेळी हातात फाइल नव्हती. "साहेब, सगळं कागदावर होतं हो," ते मराठीत म्हणाले. "आता काय करू सांगा." मी त्यांना चांगलं अर्धा तास सुनावलं आणि सुनावता सुनावता लक्षात आलं की अर्धं मी स्वतःलाच सुनावतो आहे. माझ्याकडेही सगळं कागदावरच होतं.

पुढचं काम आम्ही मिळून केलं. आधी मुलींनाच विचारलं की तुम्ही कोणाला सांगाल, चिठ्ठीवर नाव लिहा. जवळजवळ प्रत्येक चिठ्ठीवर मावशी. सचिव म्हणाले, बाईंना लिहिता-वाचता येत नाही, धोरणात तर लेखी अहवाल आहे. मी म्हटलं, माझ्या ठाण्यात अर्धे फिर्यादी अंगठा लावतात, म्हणून गुन्हे नोंदवायचे थांबलेत का? मावशी स्वतः सगळ्यांत जास्त घाबरली. "मले नाही जमन. मी भात रांधणारी बाई." तिला हवालदार बाईंनी समजावलं की ऐकायचं तुम्ही, लिहितील अधीक्षिका, आणि लिहिलेलं तुम्हाला वाचून दाखवतील. फोन कार्यालयातून उठून स्वयंपाकघरात आला. धोरणाचं एक पान मुलींनी आपल्या बोलीत लिहिलं आणि चुलीजवळच्या भिंतीवर लावलं. त्यातला पहिला नियम मला अजून पाठ आहे: 'दार लावून एकटीले कोनी शिकवाचं नाही.'

आणि हजेरीपटातून रोवणा हा शब्द हद्दपार केला. गैरहजर मुलीच्या घरी फोन करायचा, बापाशी नाही, मुलीशी बोलायचं. तिचा आवाज ऐकला तरच तिच्या नावापुढे लिहायचं, 'आवाज ऐकला'. सगळं लगेच सुरळीत झालं असं समजू नका. पुढच्याच वर्षी अधीक्षिकांनी घाईत तीन मुलींपुढे फोन न करताच तसं लिहिलं. मावशीने ते पकडलं, कारण फोन तिच्याच चुलीजवळ होता आणि तो कोणी उचललाच नव्हता. अधीक्षिका रडल्या, मग बसून तिन्ही फोन केले. त्यानंतर त्यांनी कधी चुकवलं नाही. ठाण्यात मीही नेम केला. पडताळणीचा अर्ज आला की आधीच्या नोकरीच्या जागी फोन लावल्याशिवाय सही नाही. मुंशी वैतागला, पण फोन लावू लागला.

मुलीला परत पाठवायला बाप तयार नव्हता. साहजिक होतं. मी भरवेलीला गेलो, त्याच्या दारात उभा राहिलो आणि ज्या चार माणसांदेखत त्याला बोललो होतो त्यांच्यादेखत त्याची माफी मागितली. तो गोंधळला, मला बसायला बाज दिली. त्याने एकच विचारलं, "रोज फोन करू देतान काय?" स्वयंपाकघराचा नंबर मी त्याला लिहून दिला. दसऱ्यानंतर पोरगी वसतिगृहात परत आली.

निवृत्त झाल्यावर संस्थेने मला समितीवर बाहेरचा सदस्य म्हणून घेतलं. महिन्यातून एका शनिवारी जातो. या केसने मला शिकवलं ते फार मोठं नाही. लेकरांचं रक्षण कोणाच्या सहीने होत नाही, माझ्यासारख्या साहेबाच्या तर नाहीच. कोणीतरी रोज विचारावं लागतं, पोरगी कुठं आहे, आणि उत्तर तिच्याच तोंडून ऐकावं लागतं. हे शिकायला मला नोकरीची बत्तीस वर्षं लागली, याचं अजूनही वाईट वाटतं.

गेल्या महिन्यात गुडघा सुजला म्हणून मी बैठकीला गेलो नाही. कोणाला कळवलंही नाही. साडेअकराला फोन वाजला. तीच होती. आता बारावीत आहे, मुलींच्या समितीचं रजिस्टर यंदा तिच्याकडे आहे.

"साहेब, आज तुमी आले नाही."

"गुडघा दुखतो ग."

"मावशीबी तेच म्हणे. साहेबाचा गुडघा दुखत असन, लिवून टाक. पण म्या नाही लिवलं. आपला नियम हाय."

"मग, ऐकला ना आवाज?"

"हौ. थांबा, लिवू द्या."

मी फोन कानाला धरून थांबलो. तिकडे भांड्यांचा आवाज येत होता, मावशी कोणाला तरी ओरडत होती. लिहून झाल्यावर तिने गुडघ्याला शेक द्यायला सांगितलं आणि फोन ठेवला. बायकोने आतून विचारलं, कोणाचा फोन? म्हटलं, हजेरी होती माझी.